समुपदेशकाची घडण



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची आपली चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात तिचा आरंभ झाला आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. दिवसाचे ऊन उतरले की माणसे जमतात, एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. यात बोलणाऱ्याचे काम अवघड आणि ऐकणाऱ्याचे सोपे, अशी आपली सर्वांची समजूत असते. माझीही होती. ती कशी मोडली आणि माझ्याआधी मोठमोठ्यांची कशी मोडली, हाच आजचा माझा विषय आहे.

मी पेशाने शिक्षक. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकविले. शिक्षकाला सल्ला मुद्दाम द्यावा लागत नाही. तो त्याच्या तोंडून आपोआप गळत असतो. एका वर्षी जून महिन्यात, दहावीला गणितात नापास झालेला एक मुलगा संध्याकाळी माझ्या घरी आला आणि उंबरठ्याशीच उभा राहिला. मी त्याला आत बसविले, पाणी दिले, आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच चिकाटीचे महत्त्व त्याला अर्धा तास समजावून सांगितले. त्या काळी नापासांची परीक्षा ऑक्टोबरात होत असे. तिच्या अभ्यासाचे वेळापत्रकही मी एका कागदावर आखून दिले. "हो सर," म्हणून तो उठला. त्या रात्री तो घरी गेलाच नाही. आठ महिन्यांनी हमरस्त्यावरच्या एका धाब्यावर भांडी घासताना तो सापडला. पुढे तो मार्गी लागला. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. बऱ्याच वर्षांनी स्कूटर दुरुस्तीला टाकायला गेलो असता तो सहज बोलून गेला, "सर, त्या दिवशी मी एवढंच सांगायला आलो होतो, की मला घरी जायची भीती वाटतेय."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी काहीतरी समर्थन केले असते. पण त्या वाक्याने मला निवृत्तीनंतर, वयाच्या साठीत, समुपदेशनाच्या वर्गात नेऊन बसविले.

आता या शब्दापासूनच आरंभ करू. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे, आणि गंमत अशी की या विद्येच्या वर्गात पहिल्याच दिवशी तो उपदेश बाहेर ठेवायला सांगतात. पुष्कळदा असे ऐकू येते की, जगातला पहिला समुपदेशक श्रीकृष्ण. मला ते मान्य आहे. परंतु त्यात एक मेख आहे. गीतेचा पहिला अध्याय बराचसा अर्जुनाचा आहे. त्यात भगवंताच्या वाट्याला अवघा अर्धा श्लोक येतो, तोही 'हे कौरव जमले आहेत ते पाहा' एवढ्याच अर्थाचा. त्यानंतरचे सतरा अध्याय आपण पाठ करतो आणि पहिला सोडून देतो. मीही उंबरठ्यावरच्या त्या मुलाला थेट दुसऱ्या अध्यायापासून सांगायला लागलो होतो.

दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचा अधिकार कोणाला, आणि तो अधिकार अंगी कसा आणावयाचा? जुन्या काळी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली होती. घरातले वडीलधारे, कीर्तनकार, वैद्य, पाद्री यांना तो अधिकार वयाने, धर्माने किंवा व्यवसायाने मिळे. तो शिकावा लागतो आणि शिकताना शिकणाऱ्यालाच बदलावे लागते, ही कल्पना मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतली. ती एकाच ठिकाणी जन्मली नाही. निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या माणसांना ती ठेच लागून सुचली.

पहिले शहर व्हिएन्ना. सिग्मंड फ्रॉइड हा मज्जातंतूंचा वैद्य. १८९७ साली त्याने स्वतःच्याच मनाची चिकित्सा आरंभिली. स्वतःची स्वप्ने, स्वतःच्या बालपणीच्या आठवणी तो तपासू लागला. पण स्वतःला स्वतः तपासण्यात एक अडचण असते: जे दडविलेले आहे ते दडविणाराच शोधावयाला निघालेला असतो. ज्याला इतरांच्या मनाचे विश्लेषण करावयाचे आहे त्याने आधी दुसऱ्या कोणाकडून आपले विश्लेषण करून घ्यावे, असा आग्रह झुरिकच्या मंडळींनी धरला. त्यांत युंग प्रमुख. १९१२ साली फ्रॉइडने त्याचे श्रेय मोकळेपणाने झुरिककरांना दिले. आरंभी या शिक्षणाचे स्वरूप किती साधे होते पाहा. १९०९ साली माक्स आइटिंगॉन हा तरुण वैद्य व्हिएन्नात आला, आणि फ्रॉइडबरोबर संध्याकाळी फिरावयास जाता जाता रस्त्यावरच त्याचे विश्लेषण झाले. असे विश्लेषण शिक्षणासाठी म्हणून झाल्याचे हे पहिलेच उदाहरण मानतात.

याच आइटिंगॉनने पुढे १९२० च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये एक दवाखाना उघडला. पैसे नसलेल्यांनाही तेथे उपचार मिळत. दवाखान्याला जोडून शिक्षणाची तीन पायांची तिवई उभी राहिली. पहिला पाय शास्त्राच्या अभ्यासाचा. दुसरा, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहण्याचा. आणि तिसरा, शिकणाऱ्याने स्वतः रुग्णाच्या जागी जाण्याचा. पुढे जगभर मनाच्या चिकित्सेचे जे शिक्षण पसरले त्यात ही तिवई या ना त्या रूपात दिसते. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली आइटिंगॉनला जर्मनी सोडावी लागली. पण त्याच्या तिवईला पुढे आणखी देश मिळाले.

ही कल्पना हिंदुस्थानातही फार लवकर आली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बसू यांनी १९२२ साली तेथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडची व त्यांची गाठ कधीच पडली नाही. सारा व्यवहार पत्रांतून. ज्यांच्यापाशी जाऊन शिकावे असा जाणकार आपल्या देशात अजून कोणी नव्हताच, म्हणून आरंभकर्त्याला आपली वाट आपणच काढावी लागली. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली, आणि ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. टपालाने मूर्ती गेली आणि मते आली. परंतु समोर बसून ऐकणारा माणूस टपालाने पाठविता येत नाही. या विद्येच्या प्रसाराची खरी अडचण ही आहे आणि ती आजही सुटलेली नाही.

दुसरा टप्पा अमेरिकेचा. तेथे हा प्रश्न रुग्णाईत मनापासून उपजला नाही. तो पोटापाण्याच्या चिंतेतून उपजला. १९०८ साली फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारी एक कचेरी काढली. आपले गुण जाण, कामाचे स्वरूप जाण, आणि दोहोंचा मेळ विचाराने घाल, ही त्याची त्रिसूत्री. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचे पुस्तक पुढल्या वर्षी निघाले. आपल्याकडे शाळांतून 'व्यवसाय मार्गदर्शन' म्हणून जे चालते त्याचा मूळपुरुष हाच. पण पार्सन्सचा समुपदेशक हा अखेर माहितगार आणि तर्कशुद्ध शिक्षक होता. माझ्यासारखाच, म्हणा ना! या शिक्षकाच्या हातातली छडी खाली ठेवण्याचे काम ज्याने केले त्याचे नाव कार्ल रॉजर्स.

रॉजर्सचा जन्म १९०२ चा, शिकागोजवळचा. आधी धर्मोपदेशक व्हावे म्हणून तो धर्मविद्यालयात गेला आणि तेथून मानसशास्त्राकडे वळला. १९२८ पासून बारा वर्षे रॉचेस्टर गावी, अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका विभागात त्याने काम केले. तेथील तीन अनुभव त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहेत. आगी लावण्याची खोड असलेल्या एका मुलाचे मूळ कारण त्याने पुस्तकांच्या आधारे शोधून काढले आणि मुलाला समजावले. मूल घरी जाताच त्याने पुन्हा आग लावली. दुसरा अनुभव एका छापील मुलाखतीचा. एका आईशी झालेला तो संवाद रॉजर्सला प्रथम इतका कुशल वाटला की तो विद्यार्थ्यांना नमुना म्हणून वाचावयास देई. काही वर्षांनी तीच मुलाखत पुन्हा वाचली तेव्हा ती त्याला वकिलाच्या उलटतपासणीसारखी वाटली. मुलाखतीत काहीच बदलले नव्हते. बदलला होता तो वाचणारा.

तिसरा अनुभव मात्र या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. एक बाई आपल्या व्रात्य मुलाच्या संबंधात येत असे. मुलाला तिने लहानपणी झिडकारले हे त्याच्या दुखण्याचे मूळ, असे रॉजर्सला स्वच्छ दिसत होते. तिला मात्र काही केल्या ते दिसेना. अनेक भेटी झाल्या. अखेर त्याने हात टेकले आणि दोघांनी मिळून भेटी थांबविण्याचे ठरविले. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि मागे वळून म्हणाल्या, की तुम्ही मोठ्या माणसांनाही सल्ल्यासाठी घेता का? त्याने हो म्हणताच त्या परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराविषयी बोलू लागल्या. इतक्या दिवसांत त्यांनी दिलेल्या 'माहिती'शी या बोलण्याचा काही संबंध नव्हता. कोठे दुखते आहे, कोणत्या दिशेने जावयाचे आहे, हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स तेथे शिकला. श्रोतेहो, त्या बाई दारातून वळल्या. माझा विद्यार्थी वळला नाही. सगळेच वळत नाहीत.

१९४० साली रॉजर्स ओहायोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि तेथे त्याने एक साधे पण धीट पाऊल उचलले. समुपदेशकाच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेले. तोवर बंद खोलीत काय घडले ते जगाला समुपदेशकाच्या आठवणीतूनच कळे, आणि माणसाची आठवण मोठी मायाळू असते. ती मालकाच्या चुका झाकते. त्या वेळी टेप नव्हती. तबकड्यांवर मुद्रण चाले, तबकडी काही मिनिटांतच भरे, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. १९४२ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात एका गृहस्थाच्या आठही भेटी शब्दन् शब्द छापलेल्या आहेत. समुपदेशकाने कोठे घाई केली, कोठे विषय भलतीकडे नेला, हे वाचकाला दिसते. विद्यार्थी आपल्याच तबकड्या ऐकू लागले तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. आपण सल्ला देत नाही अशी ज्यांची खात्री होती तेच सल्ल्याने ओथंबलेले निघाले.

माझीही हीच गत झाली. आमच्या वर्गात तिघांचे गट करीत. एकाने स्वतःची खरी अडचण सांगावयाची, दुसऱ्याने ऐकावयाचे आणि तिसऱ्याने नुसते पाहावयाचे. खोटी, नाटकी अडचण चालत नसे. वीस मिनिटांची एक बैठक मुद्रित करून घरी नेली आणि घड्याळ लावून ऐकली. वीसपैकी अकरा मिनिटे मीच बोलत होतो! समोरची सहाध्यायी बाई आपल्या आजारी सासूबाईंविषयी सांगत होती. एके ठिकाणी ती थांबते. पुरे चार सेकंदही जात नाहीत तोच माझा आवाज येतो, "म्हणजे बघा, याला दोन उपाय आहेत." फळ्यावर प्रमेय मांडण्याचा तो माझा आवाज. एकतीस वर्षे इतरांनी तो ऐकला. मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दुसरा धडा पाण्याच्या पेल्याचा. देखरेखीखाली प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर एक गृहस्थ बोलता बोलता रडू लागले. मी चटकन उठून पाणी पुढे केले. त्यांनी ते घेतले, डोळे पुसले, आणि विषय बदलला. माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी ती नोंद वाचून एकच विचारले, "सर, पाणी कोणाला हवं होतं?" मी गप्प बसलो. पाणी मलाच हवे होते. त्यांचे रडणे मला सोसवत नव्हते आणि ते थांबावे म्हणून मी पेला पुढे केला होता. उंबरठ्यावरच्या मुलालाही मी आधी पाणीच दिले होते, हे मला तेव्हा आठवले.

शिकणाऱ्याने स्वतः दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसावे, ही बर्लिनची अट आमच्या अभ्यासक्रमात सौम्य रूपाने होती. मी सहा महिने एका जाणत्या समुपदेशकाकडे गेलो. काय बोललो ते येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु तेथे जाण्यासाठी जिना चढताना पायांत जे जडपण येई, आत गेल्यावर 'विशेष काही नाही' असे जे पहिले वाक्य तोंडातून निघे, ते ज्याने स्वतः अनुभवले नाही त्याने दुसऱ्याला 'मोकळेपणाने बोला' असे सांगू नये. ही लाज फक्त नवशिक्यांचीच असते असेही नाही. १९४९ च्या सुमारास खुद्द रॉजर्स एका अत्यंत आजारी स्त्रीच्या प्रकरणात असा गुंतला, की आपले भान सुटते आहे असे त्याला वाटू लागले. शिकागोतले काम सोडून तो पत्नीसह दोन-तीन महिने गावाबाहेर निघून गेला, आणि परतल्यावर त्याने आपल्याच हाताखालच्या एका सहकाऱ्याकडून उपचार घेतले. हे त्याने लपविले नाही. गुरूने शिष्यापुढे रुग्ण म्हणून बसावे, याहून मोठी शिकवण वर्गात कोणती देणार?

आता लंडनकडे वळू. तेथे शिक्षणाचाच गर्व उतरविणारी घटना घडली. चॅड वाराह हा धर्मगुरू. १९३५ साली लिंकन गावी त्याला ज्या पहिल्या अंत्यविधीला उभे राहावे लागले तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा होता. तिला पाळी आली. ती काय असते हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला काही घाणेरडा रोग झाला अशा समजुतीने तिने जीव दिला. जिला विचारावयाला एकही माणूस नव्हते अशा त्या मुलीची आठवण त्याने अठरा वर्षे बाळगली. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्याने एक टेलिफोन ठेवला आणि मरणाच्या विचारात असलेल्यांनी येथे बोलावे असे जाहीर केले. माणसे येऊ लागली, रांग लागली. रांगेतल्यांना चहा द्यावा, चार शब्द बोलावे म्हणून काही साधी माणसे मदतीला आली. थोड्याच महिन्यांत वाराहच्या ध्यानात आले, की बाहेर चहा पीत जे बोलून घेतात त्यांतल्या पुष्कळांना आत आपल्याकडे येण्याची गरजच उरत नाही. त्याने मोठेपणा बाजूला ठेवला आणि १९५४ च्या फेब्रुवारीत टेलिफोन त्या स्वयंसेवकांच्या हाती दिला. 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच. आपल्या देशात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत काढलेली 'स्नेहा' ही संस्था त्याच मार्गावरची.

मग शिक्षणाची गरजच काय, असे कोणी विचारील. वाराहने चहा देणारे सगळेच ठेवले नाहीत, हे त्याचे उत्तर. जे धर्म सांगू लागत, दटावू लागत, कीव करू लागत, ते त्याला नको होते. निवड करावी लागली, तयारी करून घ्यावी लागली. चांगुलपणा हे भांडवल खरे, पण ते गुंतविण्याची रीत शिकावी लागते.

अनुभवातूनच अधिकार येतो, हे सूत्र आणखी एका वाटेने आपल्यापर्यंत आले. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन दारुडे, एक शेअरबाजारातला आणि एक शल्यवैद्य, एकमेकांशी बोलत बसले, आणि त्या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' जन्मली. ज्याने स्वतः ते भोगले त्याचेच दारुडा ऐकतो, हा त्यांचा शोध. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. तेथे उपचार घेऊन बरे झालेले कितीतरी जण पुढे तेथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. मात्र भोगलेले दुःख हेही कच्चेच भांडवल. 'मी सोडली, तू का सोडत नाहीस?' असे म्हणण्याचा मोह त्यालाच अधिक होतो. त्यालाही ऐकणे शिकावेच लागते.

येथवर जे सांगितले त्यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याला नुसते ऐकून काय मिळणार? या आक्षेपाचे भान मुंबईला आरंभापासून होते. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आज आपण ज्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो ते हेच. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. चाळींच्या त्या वस्तीत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम करावे लागे, आणि पुढल्याच वर्षी संस्थेने मुलांसाठी बाल मार्गदर्शन केंद्र काढले. समाजकार्याच्या शिक्षणात विद्यार्थ्याने प्रत्येक भेटीची नोंद लिहावयाची असते: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, त्या वेळी मला काय वाटले. ओहायोच्या तबकडीचे हे गरिबाघरचे भावंड. पण त्या नोंदीत शिधापत्रिका, खोलीचे भाडे, रुग्णालयाचा कागद यांनाही जागा असते. १९८४ साली याच संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरीत पीडित स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईला 'तुम्हाला काय वाटते' एवढेच विचारून चालत नाही. आज रात्री ती कोठे झोपणार हे पाहावे लागते. जिवाला धोका असेल तर गुप्ततेचे वचनही तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे लागते. मरणाचा विचार मनात येतो का, असे सरळ शब्दांत विचारावे लागते. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. तेव्हा, उपदेश करू नये याचा अर्थ काही करू नये असा नव्हे. आधी ऐकावे, म्हणजे काय करावे ते कळते.

अखेरचा टप्पा आपल्या शेजारचा, गोव्याचा. तेथे १९९६ साली 'संगाथ' ही संस्था निघाली. आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि दुःखे फार. तेव्हा गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना हे काम शिकविता येईल का, असा प्रश्न डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. गोव्यातील चोवीस दवाखान्यांत, बारा सरकारी व बारा खाजगी, त्याची रीतसर परीक्षा झाली आणि तिचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत, जेथे असे समुपदेशक होते तेथे, उदासीनता व चिंतेच्या विकारांतून सहा महिन्यांत बरे झालेल्यांचे प्रमाण शेकडा सुमारे ६६ होते. जेथे नव्हते तेथे शेकडा ४२ च्या आसपास. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. पुढच्या प्रयोगांत त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. समुपदेशकांच्या भेटी मुद्रित करावयाच्या आणि समुपदेशकांनीच एकत्र बसून, ठरीव गुणपत्रिकेवर, एकमेकांचे काम तपासावयाचे. व्हिएन्नाच्या रस्त्यावर दोघांच्या फेरफटक्यात सुरू झालेले शिक्षण गोव्याच्या आरोग्यकेंद्रात कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हाती आले. आपला आवाज आपण ऐकणे आणि तो इतरांसमोर ऐकणे, हे मात्र चुकले नाही.

हे सर्व आज येथे सांगण्याचे कारण असे की, समुपदेशकाची पाटी आता आपल्या गावोगावी दिसू लागली आहे. काही पाट्यांमागे दोन वर्षांचे शिक्षण आहे, काहींमागे दोन दिवसांचे शिबिर. २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांचा जो केंद्रीय कायदा झाला त्याच्या यादीत समुपदेशकांचाही समावेश आहे. त्याने पाट्यांना शिस्त लागेल तेवढी लागो. पण प्रमाणपत्र पाहून सगळे कळत नाही. आपल्या घरातले कोणी अशा माणसाकडे जाणार असेल तर आपण तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. तुम्ही कोठे शिकलात? तुमच्या कामावर आज कोणाची देखरेख आहे? आणि तुम्ही स्वतः कधी त्या दुसऱ्या खुर्चीत बसला होता काय? जो हे प्रश्न ऐकून रागावेल त्याच्याकडे जाऊ नये.

आणि जे समुपदेशक नाहीत त्यांच्यासाठी? आपल्यापैकी बहुतेकांच्या उंबरठ्याशी वर्षा-दोन वर्षांत कोणी ना कोणी येऊन उभे राहते. परवाच माझ्याकडे शेजारची एक मुलगी आली होती. खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. मी काही बोललो नाही. भिंतीवरचे घड्याळ फार मोठ्याने वाजते, हे मला त्या दिवशी कळले. सात-आठ मिनिटे गेली असतील. मग ती म्हणाली, "काका, मी उद्या येऊ का? उद्या सांगते." मी म्हटले, ये. जुन्या सवयीने जिभेच्या टोकावर आलेले चार शब्द मी मोठ्या कष्टाने गिळले. दुसऱ्या दिवशी ती आली.

आपण माझे एवढे मोठे भाषण शांतपणे ऐकून घेतले. ते किती कठीण काम आहे, हे आता मी जाणतो.